नव्या गाडीत इंजिन ऑइल कोणतं घालायचं: साधं की सिंथेटिक?

नवी गाडी वर्षाची होत आली की सर्व्हिस सेंटरचा फोन येतो. गाडी आत घेताना ॲडव्हायझर जॉब कार्ड भरता भरता विचारतो, "सर, ऑइल रेग्युलर घालू की सिंथेटिक? सिंथेटिकला थोडे जास्त पडतील." मागे चार गाड्या उभ्या असतात, ऑफिसला उशीर होत असतो, आणि बहुतेक जण तोंडाला येईल ते सांगून मोकळे होतात. कुणी पैसे वाचावेत म्हणून साधं घ्यायला सांगतं, कुणी महाग म्हणजे चांगलंच असणार असं धरून सिंथेटिक. गाडी काय मागते हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

हा लेख पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं जुनी गाडी वापरली आणि आता १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणारी) गाडी दारात आणली, त्यांच्यासाठी तर जास्तच. कारण जुन्या गाडीला जे चाललं तेच नव्या गाडीला चालेल असं मानण्यात सगळ्यात मोठा धोका आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: साधं की सिंथेटिक हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ग्रेडचा, म्हणजे ऑइल किती पातळ-दाट त्याचा, आणि मानकाचा, म्हणजे ते कोणत्या दर्जाला उतरतं त्याचा. तो सुटला की दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा त्यातच मिळून जातं.

पायरी १: मॅन्युअल काढा आणि तीन गोष्टी टिपून घ्या

ग्लोव्ह बॉक्समधलं ते जाडजूड पुस्तक बाहेर काढा. शेवटच्या पानांत तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. त्यात इंजिन ऑइलच्या ओळीवर तीन गोष्टी सापडतील: ग्रेड, मानक आणि ऑइल किती लिटर लागतं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते मिळतं.

तक्ता वाचताना इंजिन नीट जुळवून घ्या. एकाच नावाची गाडी साध्या पेट्रोलमध्ये, टर्बो पेट्रोलमध्ये, सीएनजीत आणि डिझेलमध्ये येते, आणि प्रत्येकीचं ऑइल वेगळं असू शकतं. शेजाऱ्यांकडे तीच गाडी आहे म्हणून त्यांना विचारून ऑइल आणलं, आणि त्यांचं इंजिन निघालं डिझेलचं, असं सहज होतं. काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर इंजिनवरच्या ऑइलच्या झाकणावरच ग्रेड कोरलेली असते. तीही मॅन्युअलशी ताडून पाहा.

मारुतीच्या बीएस-६ काळातल्या अनेक पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ लागतं. होंडाच्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०. इतर अनेक पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना ५डब्ल्यू-३०. ज्यांनी आयुष्यभर २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० चे डबे पाहिले, त्यांना हे आकडे विचित्र वाटतात आणि पाण्यासारखं पातळ ऑइल इंजिनात घालायचं या कल्पनेनं भीती वाटते. ती भीती का सोडायची, ते पुढच्या पायरीत.

पायरी २: डब्यावरचे आकडे वाचा

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती पटकन हलतं ते सांगतो. थंड इंजिन फिरवण्याची नक्कल करणारी प्रयोगशाळेतली चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ ला. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा, १०० अंश सेल्सिअसचा. २० च्या ग्रेडची चिकटपणाची मर्यादा तिथे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (चिकटपणा मोजायचं एकक), ३० ची ९.३ ते १२.५, आणि ४० ची १२.५ ते १६.३. आकडा जितका मोठा तितकं तापल्यावरचं ऑइल दाट.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: आपल्याकडे उणे ३० अंश कुठे असतात? मग त्या पहिल्या आकड्याचं आपल्याला काय? भरपूर आहे. ऑइल २५-३० अंशांनाही तापलेल्या ऑइलच्या कित्येक पट दाट असतं. १५डब्ल्यू-४० चं ऑइल ४० अंशांना साधारण १०० सेंटिस्टोकच्या पुढे असतं, तर ०डब्ल्यू-२० तिथे पन्नाशीच्याही आत. सकाळी गाडी चालू करता तेव्हा इंजिनातलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यात, उतरलेलं असतं. ते वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद झिजेच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट, मग गाव महाबळेश्वर असो की जळगाव.

दुसरा प्रश्न विदर्भातून येतो: चंद्रपूरला उन्हाळ्यात ४५ अंश होतात, तिथे पातळ ऑइल टिकेल का? टिकेल. बाहेर १५ अंश असोत की ४५, इंजिनाचा थर्मोस्टॅट कूलंटला नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो, आणि इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत काम करतं. घाटात, भरलेल्या गाडीत किंवा टर्बोवर जोर पडला की ते आणखी चढतं, पण कंपनीनं ग्रेड ठरवताना तेही धरलेलं असतं. काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड चालतात असा तक्ता दिलेला असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये तो असेल तर त्यातून निवडा. नसेल तर आपल्या मनानं दाट ऑइल घालू नका.

दाट ऑइल घातल्यानं नेमकं काय बिघडतं? नव्या इंजिनात ऑइल फक्त वंगण नाही. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा, बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालते. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबानं चेन ताणून धरतो. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. या सगळ्यांच्या वाटा अरुंद आहेत, आणि बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, पिस्टनच्या रिंगा हे सगळं एका ठरावीक पातळपणासाठी बेतलेलं आहे. दाट ऑइल तिथे उशिरा पोचतं. सकाळी चेनची खडखड ऐकू येणं, इंजिन जड वाटणं, ॲव्हरेज पडणं ही त्याची दिसणारी लक्षणं. झीज मात्र दिसत नाही. कंपन्यांनी पातळ ऑइल आणलं त्यामागे इंधन वाचवण्याचे सरकारी नियम आहेत, हेही खरं. पण इंजिन एकदा त्या ऑइलसाठी बनलं की आपण त्याच ऑइलवर चालायचं.

पायरी ३: मानकाचा शिक्का शोधा

डबा फिरवून मागची बाजू पाहा. एक गोल शिक्का असतो, मधे ग्रेड आणि वरच्या अर्ध्या वर्तुळात एपीआय सर्व्हिस एसपी किंवा तसलंच काही लिहिलेलं. एपीआय ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एस हे अक्षर पेट्रोल इंजिनाचं, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसएन २०१० सालचं, एसपी मे २०२० पासूनचं, आणि त्यापुढचं एसक्यू मार्च २०२५ अखेरीस आलं. नवं मानक जुन्याच्या जागी चालतं. जुनं नव्याच्या जागी चालत नाही. मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त घ्या. एसपी लिहिलं असेल आणि दुकानदार एसएलचा डबा पुढे करत असेल तर नको म्हणा.

टर्बो पेट्रोल गाडी असेल तर इथे जरा थांबा, कारण एसपी हे अक्षर तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. लहान टर्बो इंजिन कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये जोरात दाबलं की कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं. हा धक्का इतका मोठा असतो की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधले कॅल्शियमचे डिटर्जंट (इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं) याला कारणीभूत ठरतात असं दिसल्यावर ऑइलची रेसिपीच बदलली गेली, आणि एसपीमध्ये त्याची वेगळी चाचणी घातली गेली. टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही त्यातच आली. म्हणून टर्बो पेट्रोलला एसपी किंवा त्यापुढचंच ऑइल. ०डब्ल्यू-१६ च्या डब्यावर आणखी एक ढालीच्या आकाराचा शिक्का दिसू शकतो. तो आयएलसॅक या वाहन कंपन्यांच्या समितीच्या जीएफ-६बीचा किंवा त्यानंतरच्या जीएफ-७बीचा, याच ग्रेडसाठी काढलेल्या मानकाचा.

डिझेलवाल्यांनी वेगळीच गोष्ट पाहायची. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी पकडते आणि अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही. ती जाळीत साठतच जाते. जाळी चोंदली की बदलायचा खर्च मोठा असतो. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये ते युरोपीय एसीईए मानकाच्या सी२, सी३, सी५ अशा खुणांनी लिहिलेलं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये सी३ असेल तर डब्यावर सी३ हवं. "डिझेलसाठी खास" एवढ्या शब्दावर डबा उचलू नका. ट्रकसाठीचं दणकट डिझेल ऑइल बीएस-६ कारच्या जाळीला मारक ठरू शकतं.

युरोपीय गाड्यांत कंपनीचं स्वतःचं मानक असतं: फोक्सवॅगन आणि स्कोडाची ५०४ ००, ५०७ ००, ५०८ ०० अशी आकड्यांची मालिका, मर्सिडीजचं २२९.५२ वगैरे. इथे डब्यावरचा एक शब्द नीट वाचा. "अप्रूव्ह्ड" लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीनं ते ऑइल तपासून मंजूर केलं आहे. "सुटेबल फॉर" किंवा "मीट्स" लिहिलं असेल तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. तो खोटा असतोच असं नाही, पण वॉरंटी चालू असताना मी मंजुरी असलेलंच ऑइल घ्या म्हणेन.

पायरी ४: आता साधं, सेमी की फुल सिंथेटिक

कोणतंही इंजिन ऑइल म्हणजे बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली रसायनं. बेस ऑइलचे एपीआयनं पाच गट केले आहेत. पहिले दोन गट कच्च्या तेलातून गाळून, शुद्ध करून काढलेले. बाजारात त्यालाच मिनरल किंवा साधं म्हणतात. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत असं बेस ऑइल बनतं. तिसऱ्या गटातलं तेलही कच्च्या तेलातूनच येतं, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेनं त्याच्या रेणूंची रचनाच इतकी बदललेली असते की त्याचं वागणं सिंथेटिकसारखं होतं. चौथा गट कारखान्यात जुळवलेल्या पॉलीअल्फाओलेफिनचा, आणि पाचव्यात एस्टर वगैरे उरलेली सगळी.

तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायचं की नाही यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलचा वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेनं तो शब्द वापरायला हरकत नाही असं ठरवलं, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक बाजारांत फुल सिंथेटिकच्या डब्यात तिसऱ्या गटाचं तेलही असतं. जर्मनीत मात्र ते वेगळ्या नावानं विकलं जातं. यात ग्राहकाचं नुकसान आहे असं मला वाटत नाही, कारण आजचं तिसऱ्या गटाचं तेल फार चांगलं आहे. पण यातून एक गोष्ट पक्की कळते: "फुल सिंथेटिक" या शब्दावरून डब्यातल्या मालाची खात्री पटत नाही, मानकाच्या शिक्क्यावरून पटते. "सेमी सिंथेटिक" हा शब्द तर आणखी मोघम. त्यात सिंथेटिक किती टक्के हवं याचं ठरलेलं प्रमाणच नाही.

सिंथेटिकचा खरा फायदा कुठे? ते तापून लवकर सडत नाही, कमी उडतं, आणि थंड-गरममधला त्याच्या दाटपणाचा फरक कमी असतो. टर्बोच्या बेअरिंगवर साधं ऑइल जळून कोळशासारखा थर धरू शकतं. सिंथेटिक तिथे जास्त तग धरतं. ॲव्हरेजमध्ये मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. इंधन वाचतं ते मुख्यतः योग्य पातळ ग्रेडमुळे.

आता तुमच्या मॅन्युअलमधली ग्रेड पुन्हा पाहा. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असेल तर साध्या ऑइलचा विचारच संपला, कारण इतकं थंडीत वाहणारं आणि तापल्यावर न उडणारं ऑइल साध्या बेस ऑइलमधून जमत नाही. या ग्रेडमध्ये "रेग्युलर" देतो म्हणणारा माणूस दुसरीच ग्रेड घालणार आहे, हे ओळखा. ५डब्ल्यू-३० असेल आणि इंजिन टर्बो नसलेलं लहान पेट्रोल असेल, तर खरी निवड उरते: मॅन्युअलमधलं मानक पूर्ण करणारं सेमी सिंथेटिक घेतलं आणि वेळेवर बदललं तर इंजिनाचं काही वाईट होत नाही. पैसे जपून खर्च करायचे असतील तर हा मार्ग मी मोकळ्या मनानं सुचवतो. टर्बो पेट्रोल आणि डीपीएफवाल्या डिझेलला मात्र फुल सिंथेटिकच. १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यूचं साधं ऑइल जुन्या गाड्यांचं आहे, तिथे ते खुशाल वापरावं.

खर्चाचा हिशोब करून पाहा. समजा लिटरमागे ३५० रुपयांचा फरक पडला आणि गाडीत तीन लिटर ऑइल बसतं. म्हणजे १,०५० रुपये जास्त, १०,००० किलोमीटरसाठी. किलोमीटरला साडेदहा पैसे.

पायरी ५: बदलायचं कधी

बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, काहींना १५,००० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. या शेवटच्या चार शब्दांकडे दुर्लक्ष होतं. वर्षात गाडी चार हजारच फिरली म्हणून ऑइल आणखी वर्षभर ठेवायचं नाही. उलट कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल जास्त खराब होतं. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थोडी थोडी चेंबरमध्ये उतरते. न जळलेलं पेट्रोलही उतरतं. गाडी अर्धा-पाऊण तास चालली, ऑइल चांगलं तापलं, की हे दोन्ही उडून जातं. पण रोज शाळा, भाजी आणि परत घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ते साठतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा-पाऊण तास मोकळी पळवा.

मॅन्युअलमध्ये "खडतर वापर" असा एक वेगळा तक्ता असतो, त्यात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. लोकांना वाटतं तो टॅक्सीवाल्यांसाठी आहे. वाचून पाहा: छोट्या फेऱ्या, तासन् तास ट्रॅफिकमध्ये रांगणं, धूळ, चढ-उतार. हिंजवडीला रोज जाणारी किंवा घोडबंदर रोडवर अडकणारी प्रत्येक गाडी त्यात बसते. टर्बो इंजिन असेल आणि गाडी शहरातच फिरत असेल तर मी सात-आठ हजारांवर बदलायला सांगतो, मॅन्युअलमध्ये पंधरा हजार लिहिलेले असले तरी. याउलट, सिंथेटिक आहे म्हणून कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या पुढे ढकलायचं कधीच नाही. ऑइलच्या डब्यावर २०,००० किलोमीटर लिहिलेलं असलं तरी तुमची वॉरंटी गाडीच्या कंपनीकडे आहे.

रंगावरून ठरवू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे काम करतंय. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल उलट दहा हजारांनंतरही स्वच्छ दिसतं, कारण काजळी कमी. ते आतून मात्र तापून थकलेलं असतं. दोन्हीकडे तारीख आणि किलोमीटर पाहायचे.

पायरी ६: सर्व्हिसिंगच्या दिवशी

१. जॉब कार्डवर ऑइलची ग्रेड आणि मानक लिहून घ्या. नुसतं "इंजिन ऑइल, सिंथेटिक" नको. ०डब्ल्यू-२०, एसपी असं पूर्ण.

२. ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर दोन्ही बदलणार ना, हे विचारा. वॉशर अगदी किरकोळ किमतीचा असतो, पण जुनाच पुन्हा बसवला तर तिथून पाझर लागतो.

३. शक्य असेल तर काम चालू असताना गाडीजवळ उभे राहा. बऱ्याच ठिकाणी काचेतून पाहता येतं. इंजिन कोमट असताना नट काढला की ऑइल आधी जाड धारेनं येतं, मग धार बारीक होते, मग थेंब. घाईत असलेला मुलगा धार बारीक झाली की नट लावून टाकतो, आणि जुनं ऑइल आत राहतं. थेंब थांबत येईपर्यंत थांबायला सांगा, नम्रपणे सांगा. दहा मिनिटांचा प्रश्न असतो. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबरी रिंगला बोटानं ताजं ऑइल पुसलेलं दिसलं तर समजा की मेकॅनिक कामाचा पक्का आहे.

४. ऑइल सीलबंद डब्यातून येतंय की बॅरलमधून, ते पाहा. अधिकृत केंद्रात बॅरलमधून घालतात, त्यात गैर काही नाही. फक्त बॅरलवरची ग्रेड वाचा. बाहेरच्या गॅरेजमध्ये मात्र सीलबंद डबा समोर उघडून घ्यावा.

५. "इंजिन फ्लश करू का, ऑइलमध्ये ॲडिटिव्ह टाकू का" असं विचारलं तर नको म्हणा. नव्या, वेळेवर सर्व्हिसिंग झालेल्या इंजिनाला दोन्हीची गरज नाही. लागणारी सगळी रसायनं ऑइलमध्ये आधीच योग्य प्रमाणात घातलेली असतात.

६. बिलावर किती लिटर लावलेत ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं, डिझेलमध्ये पाचच्या आसपास किंवा जास्त. बिल जपून ठेवा. उद्या वॉरंटीत इंजिनाचं काही निघालं तर हीच कागदं कामी येतात.

पहिली हजार किलोमीटरची फुकट सर्व्हिस ही बहुधा फक्त तपासणी असते, त्यात ऑइल बदलत नाहीत. "नव्या इंजिनाला आधी साधं ऑइल, मग सिंथेटिक" हा सल्लाही जुना झाला. कारखान्यातून गाडी निघते तेव्हाच तिच्यात योग्य ऑइल भरलेलं असतं.

पायरी ७: महिन्यातून एकदा पट्टी पाहा

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून पाहा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवं. काही नव्या महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे स्क्रीनवर पातळी पाहायची.

कमी असेल तर थोडं थोडं घाला. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं, म्हणून एकदम अख्खा डबा ओतू नका. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ते घुसळतो, ऑइलचा फेस होतो आणि फेसात दाब धरत नाही. डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढलेली दिसली तर तीही धोक्याची खूण आहे. डीपीएफ साफ करताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते काम वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. लगेच सर्व्हिस सेंटर गाठा.

प्रवासात ऑइल कमी पडलं आणि तुमचं ऑइल मिळालं नाही तर? सिंथेटिक आणि साधं एकमेकांत मिसळतात, त्यांचं दही होत नाही. गाडी कोरडी चालवण्यापेक्षा अर्धा लिटर दुसऱ्या ब्रँडचं, जवळात जवळच्या ग्रेडचं कार ऑइल घालून घरी पोचा, आणि मग पूर्ण बदला. मोटरसायकलचं ऑइल मात्र घेऊ नका. ते क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो अशा गाड्यांसाठी बनवलेलं आहे. कारचं ऑइल बाइकमध्ये घातलं तर तिचा क्लच घसरू लागतो, तेव्हा उरलेलं अर्धा लिटर तिकडेही वापरू नका.

आणि डॅशबोर्डवर चहाच्या किटलीसारखा लाल दिवा लागला, तर तो सर्व्हिसिंगची आठवण करून देत नसतो. इंजिनात ऑइलचा दाब उरलेला नाही, असं तो सांगतो. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हा विचार करू नका. सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, पातळी पाहा. पातळी ठीक असूनही दिवा जात नसेल तर गाडी टो करूनच न्या.

डबा स्वतः विकत घेत असाल तर

नकली ऑइलचा धंदा आपल्याकडे आहेच. नामवंत ब्रँडचे रिकामे डबे गोळा करून त्यात भलतंच तेल भरतात. म्हणून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून घ्या, झाकणाचं सील आणि बॅच नंबर पाहा, स्क्रॅच कोड किंवा क्यूआर कोड असेल तर तिथेच तपासा. एमआरपीच्या निम्म्या किमतीत मिळणारं ऑइल सोडून द्या. काम झाल्यावर रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडूनच टाका.

ब्रँड कोणता, याला मी फार महत्त्व देत नाही. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, गल्फ, कोणतंही चालेल, ग्रेड आणि मानक जुळत असेल तर.

घरी स्वतः ऑइल बदलायची हौस असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. आणि निघालेलं जुनं ऑइल गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा मोकळ्या जागेत ओतू नका. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा आणि मोठ्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्या. तिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जातं का, हे देताना विचारून घ्या.